दोन अभ्यासक, एक शहर : मुंबईत जातीचा अभ्यास कसा उभा राहिला

१/ सन १९१९. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातील विद्यापीठीय समाजशास्त्राच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच घटनेपासून सांगितला जातो. त्याच वर्षी त्याच शहरात, परळच्या बी.आय.टी. चाळीत, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा एक तरुण प्राध्यापक राहत होता. जातिसंस्थेच्या उगमावरील त्याचा निबंध दोन वर्षांपूर्वीच 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला होता.

२/ हा प्राध्यापक म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. पुढे ज्यांच्या नावाने तो विभाग ओळखला गेला, ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. दोघे मराठी, दोघे एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी, दोघांचा विषय जात. तरीही विद्यापीठातील समाजशास्त्राच्या वर्गाने त्यांपैकी एकाला लवकर आपले मानले आणि दुसऱ्याला फार उशिरा. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी हा सविस्तर धागा.

३/ आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय समाजातील भेदांचा 'शास्त्रीय' अभ्यास प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली माणसांच्या नाकांची मोजमापे घेत. नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खालचा, असा त्यांचा सिद्धांत होता. याचा अर्थ असा की जात ही मुळात वंशाची गोष्ट आहे आणि ती शरीरातच लिहिलेली आहे.

४/ रिस्लींनी जनगणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंडही लावली. परिणामी, आपली जात वरच्या पायरीवर नोंदवावी म्हणून देशभरातून अर्जांचा ढीग पडला. सरकारी कागदावरील एक रकाना लोकांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला. समाजाचा अभ्यास करणारा माणूस समाजापासून अलिप्त राहत नाही, अभ्यासाने समाजही हलतो, याचे हे ठळक उदाहरण.

५/ या विषयावर विद्यापीठीय पद्धतीने लिहिणारे पहिल्या पिढीतील मराठी अभ्यासक म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. होय, ज्ञानकोशकार केतकर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीविषयी शास्त्रशुद्ध लिहिण्यासाठी मराठी माणसाला तेव्हा समुद्र ओलांडावा लागत होता.

६/ केतकरांनंतर सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी एक निबंध वाचला. शीर्षक 'कास्ट्स इन इंडिया'. निबंध वीसेक पानांचाच. पण त्यात नेसफील्ड, सेनार्ट, रिस्ली आणि केतकर या चौघांच्याही मतांची झडती घेतलेली आहे.

७/ या निबंधाचे सूत्र असे : जातीचा गाभा म्हणजे अंतर्विवाह, जातीतच लग्न. पण एखाद्या गटाने लग्नाची दारे बंद केली की त्या गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समसमान राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री 'अतिरिक्त' ठरते, बायको मेली की एक पुरुष. या अतिरिक्तांचे करायचे काय, हा बंदिस्त गटापुढचा खरा प्रश्न.

८/ आंबेडकर दाखवतात की सती आणि सक्तीचे वैधव्य ही 'अतिरिक्त' स्त्रीची व्यवस्था होती. तर विधुरासाठी अजून विवाहयोग्य न झालेली मुलगी आणणे, म्हणजे बालविवाह, ही 'अतिरिक्त' पुरुषाची. ज्या रूढींवर समाजसुधारक तोवर सुट्या-सुट्या बोलत होते, त्या एकाच यंत्राचे भाग म्हणून इथे समोर आल्या. जात टिकते ती स्त्रीवरील नियंत्रणातून, हा मुद्दा १९१६ मध्ये मांडला गेला होता.

९/ मग एका गटाने दारे बंद केली, तर बाकीच्यांनी का केली? आंबेडकरांचे उत्तर : अनुकरण. पुरोहितवर्गाने स्वतःला आधी बंद करून घेतले. प्रतिष्ठेच्या ओढीने इतरांनी त्याचा कित्ता गिरवला. आणि ज्यांना हे करायचे नव्हते त्यांच्यासाठीही बाहेरून दारे बंद झाली. वंशाचा सिद्धांत त्यांनी इथेच नाकारला.

१०/ आता मुंबईकडे परत येऊ. समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडेस हे स्कॉटिश गृहस्थ होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. शहर समजून घ्यायचे तर ते पायी हिंडून पाहावे, आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. जुन्या वस्त्या सरसकट पाडून टाकण्याच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टी पद्धतीचे ते कडवे टीकाकार होते.

११/ इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईतही असाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. त्यानेच कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्याच 'बी.आय.टी.' म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी. परळच्या अशाच एका चाळीतल्या दोन खोल्यांत आंबेडकरांचे कुटुंब राहत होते.

१२/ घुर्ये मालवणचे, सारस्वत ब्राह्मण, जन्म १८९३ चा. एल्फिन्स्टनमधून संस्कृत घेऊन एम.ए. झाले, सुवर्णपदक मिळवले. गेडेस यांनी त्यांची निवड करून समाजशास्त्रासाठी इंग्लंडला पाठवले. आधी लंडन, नंतर केंब्रिज. तेथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे त्यांचे मार्गदर्शक. रिव्हर्स १९२२ मध्ये वारले. काम हॅडन यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. १९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत विभागात राहिले.

१३/ या दोन चरित्रांतला सर्वात बोलका फरक 'संस्कृत' या एका शब्दात आहे. घुर्ये समाजशास्त्रात आले ते संस्कृतच्या वाटेने. धर्मशास्त्रे, पुराणे, महाकाव्ये ही त्यांची मुख्य साधने. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचे होते; पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने मिळवले.

१४/ जातीचा अभ्यास ज्या ग्रंथांवर उभा राहणार होता, त्या ग्रंथांची भाषाच जातीने वाटून दिलेली होती. १९४६ मध्ये 'हू वेअर द शूद्राज?' लिहिताना, संस्कृतवर प्रभुत्व नसताना हा विषय हाती घेतल्याचा आक्षेप येईल, हे आंबेडकरांनी प्रस्तावनेतच गृहीत धरले आणि त्याला उत्तर दिले. घुर्यांना असा खुलासा करण्याची वेळ कधी येणारच नव्हती.

१५/ १९३२ मध्ये घुर्यांचा 'कास्ट अँड रेस इन इंडिया' लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यांनी जातीची सहा लक्षणे सांगितली : समाजाचे खंडशः विभाजन, उतरंड, रोटीव्यवहारावरील बंधने, निरनिराळ्या गटांचे नागरी व धार्मिक अधिकार आणि निर्बंध, व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्याचा अभाव, आणि बेटीबंदी. समाजशास्त्राच्या पदवी परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने ही यादी कधी ना कधी पाठ केलेली असते.

१६/ त्याच ग्रंथात घुर्यांनी रिस्लींची मोजमापे रिस्लींवरच उलटवली. नाकाच्या मापाचा आणि जातीच्या दर्जाचा मेळ गंगेच्या मैदानातील संयुक्त प्रांतात काही प्रमाणात बसतो. पण महाराष्ट्रासह इतर बहुतेक प्रांतांत बसत नाही, हे त्यांनी आकडेवारीने दाखवले. वंशसिद्धांताला भारतीय विद्यापीठातून दिलेला हा मोठा धक्का होता.

१७/ हे आकडे पुढे कुठे पोहोचले? आंबेडकरांच्या टेबलावर. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता वंशभेदातून आली का, हे तपासताना त्यांनी घुर्यांच्या निष्कर्षांचा आधार घेतला. निष्कर्ष असा की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगळे वंश ठरवण्याला मोजमापांचा पाठिंबा नाही. म्हणून या दोघांना केवळ परस्परविरोधी गोटांत उभे करणे इतिहासाला धरून होणार नाही.

१८/ फरक दिसतो तो एकच तथ्य दोघांच्या हाती आल्यावर. पेशवाईतील पुणे घ्या. दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी सावल्या लांब पडतात, म्हणून त्या वेळेत महार-मांगांना शहरात येण्यास मज्जाव होता, ही माहिती घुर्ये देतात. त्यांच्या ग्रंथात ती 'नागरी व धार्मिक निर्बंध' या लक्षणाखालचे एक उदाहरण म्हणून येते. नोंद अचूक, स्वर संयत.

१९/ १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये आंबेडकरही पेशव्यांच्या पुण्यात जातात. गळ्यातले मडके, कमरेचा झाडू. पण तिथे ती नोंद हा पुरावा होतो आणि समोरच्याला प्रश्न विचारला जातो : समाजरचना बदलल्याशिवाय राजकीय सत्ता मागण्याचा तुम्हाला अधिकार काय? लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण आयोजकांना झेपले नाही, अधिवेशन रद्द झाले; आंबेडकरांनी ते स्वतःच छापून काढले.

२०/ घुर्यांना शहरातली जात दिसत नव्हती असे मात्र नाही. मुंबईत सहकारी गृहनिर्माण संस्था जातीच्या पायावर कशा उभ्या राहत आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आणि त्यात पुढाकार घेणारे म्हणून सारस्वतांचे, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीचे, उदाहरण दिले. गिरगावला लागून असलेल्या गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. आधुनिक शहर, सहकाराचा आधुनिक कायदा. आणि आत जुनीच सोबत.

२१/ शहराच्या दुसऱ्या टोकाला, गिरणगावात, जात यंत्रासमोर उभी होती. विणकाम खात्यात पगार जास्त. पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नसे. कारण कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या धोट्याला दुसऱ्याचेही तोंड लागणार. विटाळाची कल्पना अशी थेट पगारपत्रकावर उतरत होती. १९२८ च्या प्रदीर्घ संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

२२/ म्हणजे गावदेवी आणि परळ या दोन ठिकाणांहून एकाच संस्थेची दोन दर्शने घडतात. एका ठिकाणी जात म्हणजे आपल्या माणसांचा आधार, घर, शेजार, पतपेढी. दुसऱ्या ठिकाणी जात म्हणजे बंद दार आणि कमी पगार. सिडनहॅममध्ये प्राध्यापक असतानाही आंबेडकरांनी पाण्याच्या माठाला हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पदवी आणि पद मिळूनही दार बंदच.

२३/ उपायांबाबत दोघांचे मार्ग पूर्णपणे वेगळे होतात. जातवार प्रतिनिधित्व दिले तर जात अधिक घट्ट होईल, म्हणून घुर्यांचा त्याला विरोध. प्रतिनिधित्वाशिवाय दबलेल्या समूहाचा आवाज सत्तेपर्यंत पोहोचणारच नाही, हा आंबेडकरांचा मुद्दा. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी तो मांडला होता. आरक्षणावरील आजच्या वादांतले बहुतेक युक्तिवाद तेव्हाच बोलून झालेले आहेत.

२४/ दरम्यान घुर्यांच्या विभागातून एक अख्खी पिढी तयार झाली. स्वतः ते ग्रंथांत रमणारे. पण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष लोकांत जायला लावत. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, प्रबंध लिहिला. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ १९५९ चा. अ. र. देसाई यांनी राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मार्क्सवादी दृष्टीने तपासली.

२५/ इरावतीबाई पुढे बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवट्यांची मोजमापे घेऊन झाल्यावर बाईंचा निष्कर्ष गुरूच्या गृहीतकाविरुद्ध गेला आणि त्यांनी तो तसाच मांडला. नंतर, जात एकाच मूळ समूहाच्या फुटीतून तयार होते या घुर्यांच्या मांडणीशीही त्यांनी जाहीर मतभेद नोंदवला. गुरूशी असहमत होता येणे, हेही त्या विभागाचेच देणे म्हणावे लागेल.

२६/ एम. एन. श्रीनिवास हेही घुर्यांचे विद्यार्थी. मुंबईत कूर्ग समाजावर केलेल्या कामातून त्यांचा १९५२ चा ग्रंथ आला आणि 'संस्कृतीकरण' ही संकल्पना जगभर गेली : खालच्या मानलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून दर्जा वाढवू पाहतात. आता पुन्हा नववा भाग वाचावा. अनुकरणाने जात पसरते, हे सूत्र १९१६ च्या निबंधात छत्तीस वर्षे आधी आलेले दिसेल.

२७/ तरीही दीर्घकाळ समाजशास्त्राच्या वर्गात जातीचे सिद्धांतकार म्हणून घुर्ये, श्रीनिवास आणि फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ शिकवले गेले. आंबेडकर भेटत ते राज्यघटनेच्या धड्यात किंवा समाजसुधारकांच्या यादीत. कारण लिखाणाच्या अभावाचे नव्हते. अलिप्तपणे वर्णन करणारा तो अभ्यासक आणि बदल मागणारा तो पुढारी, अशी वाटणी विद्यापीठांनी मनात करून ठेवली होती. त्या वाटणीत सोसणाऱ्याचे ज्ञान आपोआप 'गाऱ्हाणे' ठरत होते.

२८/ विद्यापीठाबाहेर मात्र दुसरे विद्यापीठ चालूच होते. १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची पायाभरणी झाली. शिक्षणाचा प्रसार हे तिचे पहिले उद्दिष्ट. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले, ते हजारो ग्रंथ मावतील अशा बेताने. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजचे तोंड पाहणारी मुले तिथे शिकू लागली.

२९/ त्याच वातावरणातून पुढची पिढी लिहू लागली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील चर्चांचे नाव दलित पँथरच्या इतिहासात येते. पँथरची स्थापना १९७२ ची. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६६ च्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हेच नाव दिले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. सामाजिक भेदाचे ज्ञान आत्मकथनातूनही येते, हे वर्गाला मान्य करावे लागले.

३०/ १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. पहिल्याच खंडात १९१६ चा निबंध आणि 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे. मजकूर स्वस्तात हाती आल्यावर प्रश्नही बदलले. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आंबेडकरांना जात आणि स्त्री-प्रश्न यांचे सिद्धांतकार म्हणून वर्गात आणले. 'अतिरिक्त स्त्री'चा तो मुद्दा तिथे नव्याने वाचला गेला.

३१/ या इतिहासातून एक साधी गोष्ट हाती लागते. घुर्यांचा प्रश्न होता : जात म्हणजे काय? आंबेडकरांचा होता : जात घडते कशी, आणि मोडेल कशी? पहिल्या प्रश्नाशिवाय दुसऱ्याला आधार नाही. १९४८ मध्ये आंबेडकरांनी घुर्यांचे आकडे वापरले ते त्यामुळेच. पण फक्त पहिलाच प्रश्न विचारत राहण्याची चैन ज्याला परवडते, त्याचे सामाजिक स्थान काय, हेही विचारले पाहिजे.

३२/ समाजशास्त्र, इतिहास किंवा संस्कृती-अभ्यास घेऊन वर्गात बसणाऱ्या प्रत्येकापुढे आज हीच निवड असते. त्याच बाकावर कोणासाठी जात हा परीक्षेचा पाच गुणांचा प्रश्न असतो, तर कोणासाठी आडनाव सांगतानाची थबक. अभ्यासक्रम एकच, पण दोघांचा अभ्यास एक नसतो. हे मान्य करणारा वर्ग अधिक चांगले समाजशास्त्र शिकतो.

३३/ ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांनी सुरुवात अशी करावी : घुर्यांच्या ग्रंथातील जातीच्या लक्षणांचे पहिले प्रकरण आणि आंबेडकरांचा १९१६ चा निबंध, दोन्ही शेजारी ठेवून. एका सुट्टीत होण्यासारखे काम आहे. घुर्यांची सहा लक्षणे एका बाजूला लिहावीत आणि प्रत्येकापुढे विचारावे, हे लक्षण टिकवायला बाईला काय सोसावे लागले असेल? उत्तरे दुसऱ्या निबंधात सापडतील.

(धागा समाप्त)